रबराची शिट्टी

कारखान्यातली प्रत्येक नवी गाडी बाहेर पडण्याआधी कानसेनच्या हाताखालून जायची. मागच्या अंगाला दोन किलोमीटरचा गोल रस्ता होता. त्याचा जावई गाडी चालवायचा, तो शेजारी बसायचा. ताशी ऐंशीचा वेग आला की कानसेन डोळे मिटून दारांच्या रबराकडे कान लावायचा. वारा कुठून आत घुसतोय, कुठे नुसताच कुरकुरतोय ते ऐकून परत आल्यावर काचेवर पिवळ्या खडूने ‘पास’ लिहायचा, नाहीतर दाराच्या पत्र्यावर फुली मारायचा. एकतीस वर्षं त्याने हेच काम केलं. कानसेन हे नाव रंगखात्याने ठेवलं होतं, आधी कौतुकाने, मग सवयीने.

“गादी काय, कुणीही मऊ करेल,” असं तो नव्या लोकांना सांगायचा. “माणूस दमतो तो आवाजाने. दाराचं रबर नीट बसलं नसेल तर तासाभरात डोकं चढतं. घरी जाऊन बायकोवर ओरडतो आणि त्याला वाटतं, चूक बायकोची.”

रबराचे दोष दोन जातींचे, हेही तोच शिकवायचा. पहिला गळतीचा. रबर आणि चौकट यांच्यात फट राहते आणि वारा आत येतो. दार बंद करताना मध्ये कागदाची पट्टी धरायची. ती ओढल्यावर सहज निघाली तर तिथे फट आहे. दुसरा दोष शिट्टीचा. रबर आतून घट्ट बसलेलं असतं, पण बाहेरची कड कुठेतरी फाटलेली असते आणि वेगात ती फडफडून वाजते. आत वाऱ्याचा एक कणही येत नाही. कागद घट्ट राहतो, पावसाचं पाणी शिरत नाही, फक्त कानाला कळतं.

आणि कानसेनचे कान गेले होते.

आधी बारीक आवाज गेले, मग सगळेच. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून तो वेळ निभावून न्यायचा. गळती त्याला अजून सापडायची, कारण तो गालाला थुंकी लावून दाराजवळ धरायचा आणि गाल गार पडला की ओळखायचा. रंगखात्याला ती पद्धत फार आवडायची. “काका, आमच्या दाराचा पण मुका घ्या की!” असं ते लांबून ओरडायचे. त्याला ऐकू जायचं नाही, म्हणून तो हात हलवून हसायचा.

शिट्टीचं मात्र कठीण होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने जावयाला घरात एकट्याला गाठलं. मुलीच्या लग्नानंतर त्यानेच साहेबांच्या हातापाया पडून जावयाला कारखान्यात लावलं होतं.

“जावईबापू, मला शिट्टी ऐकू येत नाही आता. कुणाला बोलू नका. मुलीलासुद्धा नाही.”

“मामा, असं कसं चालेल?”

“तुम्ही ऐका की. डावीकडे वाजली तर डावा इंडिकेटर लावा. उजवीकडे वाजली तर उजवा. मी बघतो.”

जावयाने मान डोलावली. तेव्हापासून हिरवा दिवा लुकलुकला की कानसेन कपाळाला आठ्या घालायचा, क्षणभर थांबायचा आणि बरोबर त्या बाजूकडे बोट दाखवायचा. साहेब म्हणायचे, काकांचे कान म्हणजे सोनं.

मग एकदा जावई दोन दिवस तापाने पडला. बदली ड्रायव्हरबरोबर कानसेनने चाळीस गाड्या पास केल्या. त्यातल्या तीन महिन्याभरात परत आल्या. एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, गाडीत कुणीतरी सतत किंचाळतंय असं वाटतं.

साहेबांनी जावयाला बोलावून घेतलं.

“सासऱ्यांना ऐकू येतं का?”

“येतं ना साहेब. आमच्या घरातलं तर नको तेवढं येतं.”

साहेब हसले नाहीत. “उद्या मी मागच्या सीटवर बसतो. तू एका गाडीत दोष घाल. कुठलाही घाल, त्यांना सांगू नकोस. त्यांनी पकडला तर विषय संपला. नाही पकडला तर त्यांची जागा रिकामी होईल. तिथे मला कान असलेला माणूस लागेल.”

कुठलाही. साहेबांनी हा शब्द सहज वापरला होता. रबर चौकटीपासून जरा उचलून फट ठेवली असती तर कानसेनच्या गालाने ती पहिल्याच फेरीत पकडली असती. तो जागेवर राहिला असता, साहेबांचं समाधान झालं असतं, जावयाचंही काही बिघडलं नसतं. त्याच्याकडे विचार करायला अख्खी दुपार होती. शेवटी त्याने पातं घेतलं आणि कानसेन बसतो त्याच दाराच्या रबराची बाहेरची कड बोटभर चिरली. आतला भाग त्याने शाबूत ठेवला. मग कागदाची पट्टी लावून ती घट्ट बसते ना, हेही स्वतः तपासलं.

दुसऱ्या दिवशी साहेब मागे बसले तेव्हा कानसेन चपापला. पण शेजारी जावई आहे हे बघून तो सावरला. त्याने चारही दारांना कागद लावला. कागद घट्ट होता. गाडी निघाली. साठ, सत्तर, ऐंशी.

ऐंशीला दार किंचाळायला लागलं. साहेबांनी एका कानात बोट घातलं. कानसेनने ओला गाल दाराजवळ नेला. गाल गार पडला नाही. त्याने खाली दिव्याकडे पाहिलं. दिवा बंद होता. मग त्याने जावयाच्या हाताकडे पाहिलं. हात स्टिअरिंगवर होता.

“मामा, आणखी एक फेरी?” जावयाने तोंड त्याच्याकडे वळवून नीट विचारलं.

“चालेल.”

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. आता साहेबांनी दोन्ही कान झाकले होते आणि ते आरशातून जावयाकडे बघत होते. कानसेनची नजर जावयाच्या हातावरून हलत नव्हती. हात हलला नाही.

गाडी थांबली. कानसेनने खिशातून खडू काढला आणि काचेवर ‘पास’ लिहिलं. साहेब उतरले तेव्हा त्यांच्याकडे वळून म्हणाला, “लोण्यासारखी गाडी आहे साहेब. तान्हं मूल झोपेल यात.”

साहेबांनी त्याच्या हातातला खडू काढून घेतला. दार उघडून त्याचंच बोट त्या चिरेवर ठेवलं. चीर पात्याची होती, सरळ, स्वच्छ. एकतीस वर्षं रबर हाताळलेल्या माणसाला ती कुणी आणि कशासाठी मारली हे सांगावं लागलं नाही.

“कधीपासून ऐकू येत नाही?” साहेबांनी एकेक शब्द मोठा करून विचारलं. “जावयाला माहीत होतं?”

हो म्हटलं असतं तर दोघेही गेले असते. घरात मुलगी होती, तिला सातवा महिना होता.

“नाही,” कानसेन म्हणाला. “त्यांना काही माहीत नव्हतं.”

जावयाने मान खाली घातली. साहेबांना तो सासऱ्याबद्दलचा आदर वाटला.

खडू जावयाकडे गेला. कानसेनला त्यांनी काढलं नाही, त्याच्या वयाचा मान राखून मागच्या शेडमध्ये बसवलं. नव्या लोकांना शिट्टी ओळखायला शिकवायची तर वाजणारी रबरं हवीत. म्हणून रबराची कड चिरायची, लोखंडी चौकटीत बसवायची, पंख्याचा झोत सोडायचा आणि वाजली की तो नमुना बाजूला ठेवायचा. दिवसाला दहा नमुने. वाजली की नाही हे सांगायला रंगखात्यातले दोघे दिले होते.

पहिल्याच दिवशी त्याने एक कड चिरली आणि पंखा लावला. शेडभर अशी शिट्टी घुमली की छपरावरची कबुतरं उडाली.

“वाजली?” त्याने विचारलं.

दोघांनी गंभीरपणे मान हलवली. नाही.

त्याने आणखी थोडं चिरलं. शिट्टी आणखी चढली. “आता?” नाही. दोघांतला एक वळून भिंतीकडे तोंड करून हसला आणि चेहरा सरळ करून परत फिरला. असं करत संध्याकाळपर्यंत सव्वीस रबरांच्या चिंध्या झाल्या. नमुना एकही नाही. साहेबांची चिठ्ठी आली, माल वाया घालवू नका.

तेवढ्यात जावई शेडमधून चालला होता. कानसेनला हायसं वाटलं. जागा मिळाल्यावर आता तरी जावयाला खोटं बोलायचं कारण नव्हतं. त्याने घाईने नवं रबर बसवलं, कड चिरली आणि पंखा सोडला.

“जावईबापू, थांबा जरा. हे दोघे काही धड सांगत नाहीत. तुम्ही सांगा, वाजतंय ना हे?”

जावई थांबला. आवाजाने त्याचे दात आंबले. रंगखात्यातले दोघे त्याच्याकडे बघत होते, हसू ओठांत दाबून, आता हा काय करतो म्हणून. कालपर्यंत ते त्यालाही कानसेनचं शेपूट म्हणायचे.

“नाही, मामा,” तो म्हणाला. सासऱ्याला ओठ नीट दिसावेत म्हणून त्याने ते सावकाश हलवले. “अजून थोडं चिरा.”

कानसेनने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग बराच वेळ त्याच्या हाताकडे. मग त्याने पातं उचललं आणि आणखी थोडं चिरलं.