एकट्या झाडाची फुलं

धाकटी बहीण अमेरिकेहून शेवटची आली, तेव्हा बियांची एक पुडी घेऊन आली. टोमॅटिलो म्हणे. हिरव्या टोमॅटोसारखं आंबट फळ, वरून कागदासारखं टरफल. तिकडे त्याची चटणी करतात आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ती फार झकास लागते, असं तिचं म्हणणं. पालमला माझ्या घरामागे जेमतेम दोन-चार वाफ्यांची जागा. मिरच्या, वांगी सोडून ही नसती थेरं कशाला, असं मी तोंडावर बोलले. ती हसली आणि कामाला लागली.

अख्खी पुडी तिनं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात पेरली. जगली दोनच रोपं. ती स्वतःच्या हातानं वांग्यांच्या वाफ्यात लावून, जाताना मला बजावून गेली की दोन्ही जप. हे झाड एकटं असलं की फळ धरत नाही, एकाच्या फुलाला दुसऱ्याचे पराग लागतात.

रोपं गुडघ्याएवढी झाली आणि धाकटी गेली. तिकडेच, झोपेत. आम्हाला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

त्यानंतर आईला मी बोरीहून माझ्याकडे आणलं. ती फारशी रडली नाही. सकाळी चहा झाला की वाफ्यापाशी जाऊन बसायची. पोरीच्या हातचं झाड आहे, फळ आलं की बी धरू, दरवर्षी लावू, तिच्यामागं काहीतरी उरलं पाहिजे, एवढंच बोलायची. त्या फळाच्या आशेवर ती दिवस ढकलत होती.

पण आईचा जन्म खुरपण्यात गेलेला. रिकामं बसणं तिला ठाऊक नाही. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू. आमच्याकडे सोयाबीनमध्ये एक तण माजतं, त्यालाही असंच पान आणि पिशवीत बारकं फळ. काठीला बांधलेलं एक रोप आईला ठाऊक होतं. दुसरं वांग्यांच्या आड होतं, ते तिला कुणी दाखवलंच नव्हतं. एके दिवशी मी कामावरून आले, तर वाफा लख्ख आणि तणाच्या ढिगात ते रोप मुळासकट सुकून पडलेलं. आई समाधानानं हात धूत होती.

इतका संताप आला की तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते कोण जाणे. गुपचूप ते पुन्हा मातीत रोवलं, पाणी घातलं, वर ओलं पोतं धरलं. नाहीच जगलं.

उरलेल्या झाडाला पिवळी फुलं लगडली आणि गळत राहिली. मी कापसाची वात घेऊन या फुलाचे पराग त्या फुलाला लावून पाहिले. सगळं फुकट. आणि आईचं रोजचं विचारणं, फळ कधी? शेवटी मी कंटाळून सांगितलं की एकट्याला येत नाही, जोडी लागते.

"मग तिनं एकच कसं लावलं?"

माझी नजर वांग्यांकडे गेली. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग वांग्यांकडे, मग स्वतःच्या हातांकडे. तिला कळलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी बघते तर आई तांब्या घेऊन त्याच झाडाला पाणी घालत होती. मी म्हटलं, आई, आता कशाला, त्याला काही यायचं नाही.

"न्हाई येऊ दे," आई म्हणाली. "झाड तर हाय. त्याला आता आपुन काय बी मागायचं न्हाई."

धाकटीला मूल झालं नाही. लग्नानंतर वर्षानुवर्षं आई दर फोनवर तिला एकच विचारत आली, काही बातमी? किती नवस बोलून झाले, किती गंडेदोरे पाठवून झाले. शेवटी शेवटी धाकटी फोन मलाच करायची आणि आई जवळ असली तर ठेवून द्यायची.

मी आईच्या हातातला तांब्या घेतला, भरून आणला, परत तिच्या हातात दिला. मनात एकच होतं. हे एवढं बोलणं आईनं तिला तिच्या जिवंतपणी ऐकवायला हवं होतं.