शिवकांताच्या गिरणीतलं विमान

आमच्या मुरुम गावात शिवकांताची पिठाची गिरणी माझ्या शिलाईच्या दुकानासमोरच आहे, त्यामुळे तिचं वेड मला रोज बघावं लागतं. पहाटे म्हशी, मग घरातल्या चौघांचा स्वयंपाक, मग दिवसभर गिरणी. एवढ्या धबडग्यात ही बाई मोबाइलवर विमानं पाडते. लेक समृद्धी नर्सिंग शिकायला सोलापूरला गेली, तेव्हा जाताना आईच्या फोनमध्ये हा गेम टाकून गेली. वरून दुश्मनाची विमानं येतात, आपण खालून गोळ्या झाडायच्या, एवढंच.

दळण गिरणीत ओतलं की पीठ पडेपर्यंत हात रिकामे. तेवढाच तिचा वेळ. पिठाच्या बोटाला पडदा दाद देत नाही, म्हणून आधी अंगठा पदराला पुसायचा. दळण संपत आलं की गिरणीचा आवाज बदलतो, तो कानावर आला की फोन खाली. मला विचाराल तर इतक्या शिस्तीत कुणी खेळत नसेल. पण शेवटचं ते भलंमोठं विमान तिच्या हातून काही केल्या पडत नव्हतं.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी म्हाताऱ्या मथुराबाई भगर दळायला घेऊन आल्या, तेही उशिरा. उपासाचं दळण सकाळी सगळ्यांच्या आधी होतं, गिरणीत गहू पडायच्या आत. पण नऊ दिवस कडक उपास करणाऱ्या बाईला परत कसं पाठवायचं?

"बसा मावशी," शिवकांता म्हणाली. "एवढे गहू हू द्या. गिरणी झाडून-पुसून मगच तुमचं टाकते."

गहू संपत आले आणि नेमकं ते विमान समोर आलं. एका हातानं तिनं भगर ओतली, दुसऱ्या हातानं गोळ्या चालूच. आणि विमान पडलं. तिचा चेहरा असा फुलला की मीही मशीन थांबवून हसले.

मग तिनं डब्यात पाहिलं. भगरीच्या पांढऱ्या पिठात गव्हाचं पिवळसर पीठ पडलं होतं. गिरणी झाडायची राहूनच गेली होती, हे तिनंच मला नंतर सांगितलं. मथुराबाई माझ्या पायरीवर टेकल्या होत्या, त्यांना काहीच दिसलं नव्हतं. वरचं थोडं काढून टाकलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता.

शिवकांता बाहेर आली. "मावशी, चुकलं माझं. गिरणी झाडली न्हाय, गहू मिसळला. हे म्हशीला घालते. माझ्या घरची भगर दळून देते तुमाला."

मथुराबाईंचा चेहरा उतरला. शिवकांतानं गिरणी झाडली, पुसली, मूठभर भगर फिरवून टाकून दिली आणि नवीन दळण घातलं. फोनकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मला तिचं फार कौतुक वाटलं.

पिशवी हातात घेताना मथुराबाईंनी विचारलं, "एवढं ध्यान कशात व्हतं गं तुझं?"

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. तिनं फोनच पुढं धरला. "हा दुश्मन मरतच नव्हता, मावशी. आज मारला."

मथुराबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिलं.

"देवीच्या दिवसात राक्षस मारलास, लई चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "पर उद्यापासनं माझं दळण झाल्यावर मार."