तिन्ही वेळा तंतोतंत

दिवसा ती वजनकाट्यांच्या कारखान्यात काटे तपासते. संध्याकाळी ती ड्राइव्हबाई होते. जुन्या कॉम्प्युटरांची हुबेहूब नक्कल करणारा, कुणालाही फुकट वापरता येईल आणि सुधारता येईल असा एक प्रोग्राम आहे. त्यातला फ्लॉपी ड्राइव्हचा भाग ती बिनपगारी सांभाळते. हे टोपणनाव तिथल्याच मंडळींनी दिलेलं.

दरवर्षी या कामावर मानधन देऊन एक विद्यार्थी घेतात. त्याने आधी प्रस्ताव लिहायचा: काय सुधारणार आणि कसं. यंदाचे प्रस्ताव वाचून बाईला उबग आला. ज्यांच्या जन्माआधीच फ्लॉपी भंगारात गेली, त्यांना म्हणे लहानपणापासून तिचं वेड. एकाने भलत्याच प्रोग्रामचे गोडवे गायले होते. नाव बदलायचं राहून गेलं होतं. "दुसऱ्याचं उष्टं चावल्यासारखं वाटतं," बाई म्हणाली.

मग सख्ख्या भाच्याचा प्रस्ताव आला. तिने इतर दोन परीक्षकांना नातं सांगितलं आणि गुण देण्यातून अंग काढून घेतलं. बहिणीला ते पटलं नाही.

"शेवटचं वर्ष आहे गं त्याचं. हे मिळालं तर नोकरीचं बघायला नको."

"मी गुण देत नाहीये, ताई."

"नको देऊस. नुसता शब्द टाक. त्याला काय भाडं पडतं?"

बाईने शब्द टाकला नाही. प्रस्ताव मात्र वाचला.

काम तिच्याच भागातलं होतं. काही जुन्या फ्लॉपींवर, चोरून प्रत काढता येऊ नये म्हणून, एक जागा मुद्दाम अर्धवट लिहिलेली असे. खरा ड्राइव्ह ती जागा दरवेळी वेगळी वाचतो. प्रोग्राममधला नकली ड्राइव्ह दरवेळी तेच वाचतो आणि पकडला जातो. नकलेलाही तसंच चुकायला शिकवायचं, एवढंच काम. त्यासाठी बाईने आपला खरा ड्राइव्ह आणि तसली एक फ्लॉपी भाच्याला घरी नेऊ दिली होती.

भाच्याने लिहिलं होतं: 'खऱ्या ड्राइव्हवर ती जागा तीनदा वाचली. निकाल तिन्ही वेळा तंतोतंत जुळले.' खाली आकड्यांचा सुबक तक्ता. दोन्ही परीक्षकांनी तक्त्यावर नजर फिरवून 'चाचणी काळजीपूर्वक' असा शेरा मारला होता.

बाईने फोन लावला.

"ड्राइव्ह चालवलास?"

"आणलाय ना घरी."

"चालवलास का, विचारतेय."

"मावशी, त्याची वायर माझ्या कॉम्प्युटरला बसत नाही. निवड झाली की नवी आणणारच होतो."

"मग हे आकडे?"

"चाचणीची जागा रिकामी दिसली की बाद करतात. सगळेच भरतात. मी तर तीनदा लिहिलं, म्हणजे विश्वास बसतो."

सुरात लाज नव्हती. हिशेब समजावून देणाऱ्याचा शांतपणा होता.

"उद्या दुपारपर्यंत प्रस्ताव मागे घे."

"बघतो."

त्याने काही घेतला नाही. दुपारनंतर बाईने परीक्षकांना दोन ओळी लिहिल्या. प्रस्ताव बाद झाला. दुसरा कुणी लायक नव्हता, म्हणून विद्यार्थ्याची जागाही यंदा रिकामी राहिली.

ताईचा फोन आला. "सख्ख्या भाच्याच्या ताटात माती कालवलीस."

"त्याची त्यानेच कालवली."

"हो, तू तेवढी हरिश्चंद्राची पाठची बहीण. आम्ही सगळे चोर." फोन ठेवला गेला.

आठवड्याने भाच्याचा आला. बाईने बोलणी खायची तयारी ठेवली होती. पोरगं रागावलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. पण तो अगदी मजेत होता.

"मावशी, झालं ते झालं. मी दुसरीकडे अर्ज करतोय. तुझं शिफारसपत्र लागेल."

"काय लिहू त्यात?"

"तू कशाला त्रास घेतेस? मी लिहून पाठवतो. तू फक्त सही कर."