यंत्रातली उन्हाळी वाट

जीपसाठी मी जीपीएस निवडला तो पडदा बघून. त्यावर नागलीची भाकरी थापता आली असती. उन्हाळ्यात दाभोशाच्या धबधब्यापलीकडची वाट स्वतः जीप चालवून त्यात भरली आणि गावभर सांगत सुटलो, की आता डोळे बांधूनही जाईन.

श्रावणात देवाने शब्द पकडला. जव्हारहून बायकोला घेऊन निघालो तर धुकं असं, की मला माझंच नाक दिसेना, आणि माझं नाक काही लहान नाही. पडद्यावरची रेघ बघत मी डांबरी सोडली आणि उतारावर जीप घातली.

"अहो, ही उन्हाळी वाट ना?"

"रेघ बरोबर आहे."

"रेघेला काय, तिला थोडंच बुडायचंय."

उन्हाळी वाट कोरड्या नदीतून जाते. पावसात पुलावरून लांबचा फेरा असतो. यंत्राला मी एकच शिकवली होती. करकचून ब्रेक दाबला, तेव्हा बोनेटच्या अगदी पुढे पाणी घोंघावताना ऐकू आलं. जीप चिखलात तरीही पुढे सरकतच होती.

बायको उडी मारून उतरली, चाकांपुढे दगड लावायला वाकली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. मी दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. जीप आणखी सरकली असती तर चाकांखाली तीच आली असती.

"लावला. घ्या मागे," तिचा आवाज आला.

रिव्हर्स गिअर मी असा ओढला, की दांडा हातात यायचाच बाकी राहिला. ती चढली, जीप मागे हटली आणि रेघ सुटली म्हणून यंत्र पिपाणी वाजवू लागलं. बायको ते बंद करायला गेली.

"राहू दे," मी म्हणालो. "वाजतंय तोवर आपण नदीपासून लांब जातोय."