पासिंगपुरते टायर

आदरणीय पेडणेकरसाहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहा, असं समितीनं सांगितलं तेव्हा मी आधी हातच जोडले. मी घाटकोपरचा गॅरेजवाला. पाना धरायचं माहीत, लेखणी कुठली धरतोय! पण साहेबांविषयी दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी त्यात चुकाच काढत बसलो असतो. म्हणून शेवटी लिहायला बसलो.

साहेबांची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. साहेब तेव्हा उपनगरात मोटार वाहन निरीक्षक होते. भाड्यानं चालणारी प्रत्येक गाडी दरवर्षी निरीक्षकांपुढे उभी करायची आणि ती रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा कागद घ्यायचा, असा नियम होता. आम्ही त्याला पासिंग म्हणायचो. मी दुरुस्त केलेली एक रिक्षा साहेबांनी, हॉर्न बसका आहे म्हणून परत पाठवली. माझं डोकंच फिरलं. "साहेब, इंजिन बघा, ब्रेक बघा! हॉर्नसाठी कोण गाडी परत पाठवतं?" मी पासिंगच्या भर मैदानात ओरडलो. साहेब शांतपणे म्हणाले, "अहो सावंत, इंजिन तुमच्या गिऱ्हाइकासाठी. हॉर्न रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीसाठी. तिच्या वतीनं इथे मी उभा आहे." मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं, ते या ग्रंथात छापता येणार नाही.

त्या काळी आम्हा गॅरेजवाल्यांचा एक लाडका शब्द होता, 'पासिंगपुरतं'. पासिंगपुरता वायपर, पासिंगपुरता आरसा, पासिंगपुरता दिवा. गाडी मैदानातून पास होऊन आली की सगळं काढायचं आणि पुढच्या गाडीला लावायचं. माझ्याकडे तर व्हॅनच्या चार चांगल्या टायरांचा सेट खास याच कामासाठी ठेवलेला असायचा. त्याचा मला अभिमान वाटायचा, हे लिहिताना आज लाज वाटते.

एका पावसाळी दिवशी माझा दोस्त बाळा परब मुलांना शाळेत सोडून आपली व्हॅन घेऊन आला. त्याच व्हॅननं माझी नंदा शाळेत जायची, दुसरीत होती. "सावंता, टायर पार गुळगुळीत झालेत रे. पासिंगपुरते दे ना यार!" मी दिले. साहेबांनी व्हॅन पास केली. बाळा गॅरेजवर परत आला, मी त्याचे जुने टायर पुन्हा चढवून दिले आणि तो गेला. दुपारी तोच सेट एका किराणावाल्याच्या व्हॅनला लावून मी पुन्हा मैदानात हजर.

साहेबांना टायरवरून तळहात फिरवायची सवय होती. हात फिरला आणि एका जागी थांबला. तिथे कडेचा सुपारीएवढा टवका उडालेला होता.

"हा टायर सकाळी माझ्या हाताखालून गेलाय."

एरवी मला अहोजाहो करणारे साहेब एकदम मालवणीवर आले. "मेल्या, ती शाळेची गाडी खंय आसा आता?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळा सुटायची वेळ होत आली होती. शाळा टेकडीवर, उतार ओला, आणि त्या गुळगुळीत टायरांवर माझी पोर! तोवर मला खरंच सुचलं नव्हतं हो. गाडी पास झाली ना, मग झालं, असंच मी धरून चाललो होतो. लबाडी माझीच, आणि तिच्यावर विश्वास बसला तोही माझाच.

साहेबांनी स्कूटर काढली नि मला मागे बसवलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "कागदावर सही माझी आहे, सावंत."

आम्ही पोचलो तेव्हा मुलं व्हॅनमध्ये बसून दंगा करत होती आणि बाळा किल्ली फिरवत होता. साहेब गाडीसमोर आडवे उभे राहिले. "सगळे खाली उतरा!" नंदा उतरली ती वैतागूनच. "बाबा, आज मला खिडकी मिळाली होती!" मी तिला उचलून घेतलं आणि भर रस्त्यात ढसाढसा रडलो. काही झालं नव्हतं. काहीच झालं नव्हतं! ते आठवलं की आजही अंग हलकं होतं.

त्या पावसात साहेब छत्री धरून सगळ्या मुलांना रांगेनं उतार उतरवून घरोघरी पोचवून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी व्हॅनचा कागद रद्द केला, माझ्यावर रीतसर कारवाई केली आणि सकाळी टायरांचे नंबर टिपले नाहीत ही स्वतःची चूकही वरिष्ठांना लेखी कळवली. मी तो सेट बाळाच्या व्हॅनला लावला आणि पुन्हा काढला नाही. पुढे साहेब दर रविवारी आम्हा गॅरेजवाल्यांना बोलावून गाडी कशी तपासायची ते शिकवू लागले. पहिल्या रविवारी सर्वांत पुढे मीच बसलो होतो.

साहेबांच्या नोकरीत काय काय घडलं, असं समितीनं मला विचारलं. आता न घडलेल्या गोष्टींची यादी कशी द्यायची? त्यातली एक तेवढी मला ठाऊक आहे. ती आज दोन मुलांची आई आहे, आणि या लेखातलं ऱ्हस्वदीर्घ तिनंच नीट करून दिलंय.

परवा मुलुंडला साहेबांच्या घरी गेलो होतो. साहेब भलतेच खुशीत होते. "सावंत, साखरेचा रिपोर्ट झकास आला!" तेवढ्यात आतून वहिनी म्हणाल्या, "विचारा त्यांना, रक्त द्यायच्या आधी आठ दिवस गोडाला हात लावला नाही. आणि रिपोर्ट हातात पडल्याबरोबर बशीभर जिलबी!" साहेबांनी मान खाली घातली. मी चाळीस वर्षं याच संधीची वाट बघत होतो.

साहेब, आपण शंभरी गाठावी, ठणठणीत राहावं आणि आमच्या चुका अशाच पकडत राहावं, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. पण हात जोडून सांगतो साहेब, पासिंगपुरतं चालणार नाही.