संत्र्याचा पापुद्रा

संत्रं सोलताना सालीतून बारीक फवारा उडतो, त्या वासानं मला आजही आधी रागच येतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नानंतर पहिल्यांदाच मी नागपूरहून काटोलला सासरच्या बागेत गेले, तेव्हा आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या संत्र्यांची तोडणी चालू होती आणि झाडाखाली सतरंजीवर घरच्या बायका टोपलीभोवती बसल्या होत्या. माझं आतडं माहेरापासूनच नाजूक. चोथा पोटात गेला की कळा सुरू, म्हणून डॉक्टरांनी संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा काढून खायला सांगितलं होतं. तशी मी एकेक फोड सोलू लागले, तर सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “हे काय करून राहिली वं? आमच्या संत्र्याले किडे हायेत काय?” मी पोटाचं सांगितलं. “पोट तं सगळ्यायलेच असते,” असं म्हणून त्यांनी समोर बसवून मला तीन-चार संत्री पापुद्र्यासकट खायला लावली. मग दुपारभर मी, नवी नवरी, हातात लोटा घेऊन शेताच्या धुऱ्याकडे, बांधाच्या आडोशाला धावत होते आणि मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं, “लय हावरी हाये वं सून!” परवा नागपुरात आमच्या मनीषनगरच्या घरी त्याच सासूबाईंनी माझ्यापुढे संत्रं सरकवलं. “पापुद्रा काढून दे वं, मले दात नाही राहिले.” दिल्या मी फोडी सोलून, पण वाटी त्यांच्यापुढे आपटलीच. दात नाहीत हे तोंड उघडलं की दिसतं. मी माझं आतडं कुणाला उघडून दाखवणार होते?