बदलीचं बटण

वाकडच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते. आठवडाभर मी ज्यांच्याशी बोलते ते सगळे स्क्रीनवर असतात, म्हणून आमच्या सॉफ्टवेअरबद्दल चाकणच्या कारखान्यातून तक्रार आली तेव्हा मी मुद्दाम प्रत्यक्ष गेले.

तिथं लाइनवरच्या प्रत्येक मशीनजवळ स्क्रीन होता आणि त्यावर 'बदली हवी' असं बटण. बदलीचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, लघवीलासुद्धा. शेवटच्या मशीनवर बीडकडची एक बाई होती. तिची पाण्याची बाटली भरलेलीच होती.

"दाबायलेय की ताई, कोनीच येईना. मंग पानीच पीत न्हाई," ती म्हणाली.

सुपरवायझर हसला. "मॅडम, बटण ओके आहे. या बायकांनाच दाबता येत नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्ही दाबून दाखवा," मी म्हटलं. त्याने दाबलं. स्क्रीनवरचं पान लुकलुकलं, पुन्हा तसंच दिसू लागलं आणि कुणीही आलं नाही.

बटण आमची कंपनी सोडून गेलेल्या एका प्रोग्रॅमरने खास बनवलं होतं. स्क्रीनवरचं असं पान दरवेळी बटण दाबलं की सर्व्हरवर नव्याने जन्म घेतं. आधी त्याचे सगळे भाग तयार व्हायला हवेत, मग काय दाबलं ते तपासलं जातं, शेवटी पान रंगवलं जातं. हे बटण तयार व्हायचं रंगवायच्या अगदी आधी, म्हणजे वरातीमागून घोडं. दिसायचं छान, पण तपासणीच्या वेळी ते तिथं नसायचंच. मी त्याची निर्मिती पानाच्या पहिल्या टप्प्यात हलवली.

बाईने पुन्हा दाबलं. थोड्या वेळात बदलीची मुलगी आली. बाई जवळजवळ पळतच गेली. परत येऊन तिने घटाघट अर्धी बाटली संपवली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

जेवणाच्या सुट्टीत तिने गेटजवळच्या बाकावरून हाक मारली, "ताई, या की. भाकरी हाय." बोलता बोलता ती मला जागा करून सरकलीसुद्धा.

"नको, जेवलेय मी," मी म्हणाले. सवयीने. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

गेटबाहेर कॅब उभी होती. मागं वळून पाहिलं, तर ती अजून तशीच सरकून बसली होती. परत जावं असं फार वाटलं. मी कॅबचं दार ओढून घेतलं.